बोट वेंगुर्ल्यापर्यंत जायची

आईला बंदरं पाठ आहेत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला. पाढा म्हणावा तशी एका दमात म्हणते. तिचा जन्म १९५१चा. लहानपणी मे महिन्यात मुंबईहून गावी जायचं ते बोटीने. भाऊच्या धक्क्यावर रांग लावायची, डेकवर जागा धरायला वळकटी आधी पसरायची आणि पत्र्याच्या ट्रंकेला पाठ टेकून बसायचं. बोट लागू नये म्हणून आजी आमसुलाचा तुकडा तोंडात धरायला द्यायची. बंदर आलं की किनाऱ्याकडून पडाव, म्हणजे माणसं उतरवून नेणाऱ्या होड्या येत, त्या त्या गावची माणसं उतरून जात आणि डेक मोकळा होत जाई. मालवण आलं की यांची पाळी. तिथे बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर खोल पाण्यात उभी राही. आजोबा आधी पडावात उतरत आणि वरून एकेक पोर त्यांच्या हातात दिलं जाई.

बोट पुढे वेंगुर्ल्याला जायची. वेंगुर्लं आईने कधी पाहिलं नव्हतं.

"आपण उतरल्यावर ती कुठे जाते, ते मला बघायचं असायचं," असं ती एका दिवाळीत फराळाचे डबे पुसता पुसता म्हणाली. हा पाढा मी जन्मापासून ऐकत आले, पण त्यातलं शेवटचं बंदर तिने बघितलेलंच नाही हे मला तोवर माहीत नव्हतं. त्याच रात्री मी वही काढली.

पहिला आराखडा मी फोनवरच्या नकाशावरून केला. गाडी मी चालवणार, आम्ही दोघीच. अलिबाग, मुरुड, हरिहरेश्वर, दापोली, गुहागर, गणपतीपुळे, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ला. सगळं सहा दिवसांत बसत होतं. तासांची बेरीज करून मी वही आईपुढे ठेवली. तिने चष्मा लावून सगळं वाचलं आणि विचारलं, "खाड्या कुठे आहेत गो यात?"

खरंच नव्हत्या. नकाशावर निळी बारीक रेघ दिसते आणि रस्ता तिच्यावरून गेल्यासारखा वाटतो. सह्याद्रीत उगवलेली नदी कोकणात फार लांब वाहत नाही. घाट उतरते, थोडी पसरते आणि समुद्राला मिळते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी, वाघोटण, कर्ली, सगळ्यांची हीच तऱ्हा. प्रत्येकीच्या मुखाशी खाडी, खाडीच्या तोंडावर किल्ला, किल्ल्याच्या आडोशाला बंदर. आईच्या पाढ्यातली नावं अशी तयार झाली. समुद्रातून जाणाऱ्या बोटीला ती एका ओळीत मिळायची. जमिनीवरून जाणाऱ्याला दर थोड्या अंतरावर पाणी आडवं येतं. काही खाड्यांवर पूल आहेत. चार ठिकाणी आम्ही जंगलजेटीने, म्हणजे गाड्या घेऊन जाणाऱ्या फेरीबोटीने पलीकडे गेलो: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे आणि तवसाळ ते जयगड. पाण्यावरचा प्रवास थोड्या मिनिटांचा असतो. पण दापोलीहून गुहागरला जाताना जंगलजेटी टाळायची म्हटली, तर खेड-चिपळूणचा वळसा घालून शंभरेक किलोमीटर पडतात. शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते ती वेगळीच. म्हणून सगळ्यात आधी मी या चारही जंगलजेटी सोमवार ते शुक्रवारात बसवल्या आणि बाकीचा प्रवास त्यांच्याभोवती रचला. सहाचे आठ दिवस झाले.

मग भरतीचा प्रश्न आला.

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला तिथे चालत किंवा घोडागाडीतून जाता येतं, भरतीला वाट बुडते. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा डोंगराला वळसा घालून समुद्राच्या कडेच्या कातळावरून जाते. ती ओहोटीतच करायची, चुकीच्या वेळी गेलेल्यांना लाटांनी ओढून नेलेलं आहे. याच्या उलट हेदवीची बामणघळ. कातळातली ती अरुंद चीर बघायची तर ऐन भरतीत, आणि तीही उधाणाच्या, तेव्हा आत घुसलेलं पाणी उंच फेकलं जातं. एका जागेला पाणी उतरलेलं हवं, दुसरीला चढलेलं. हे सगळं तारखांत कसं मांडायचं याचा मी विचार करत बसले होते, तेव्हा आईने भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं.

"तारखा कशाला बघतेस? तिथी बघ. तिथीची पाऊणपट केलीस की भरतीची वेळ."

हे गणित किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. तिथीला तीनने गुणायचं आणि चाराने भागायचं. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, म्हणजे तीन. दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, त्याच्या सहा तास पुढे-मागे पूर्ण ओहोटी. पंधरवडा शुद्ध असो की वद्य, हिशेब तोच. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी खूप चढतं आणि तितकंच उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा दोन्ही बेताचं. माझे आजोबा मालवणला पडाव कधी लागेल ते मुंबईत बसून असं काढायचे, म्हणे. मी ते भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून पाहिलं. बहुतेक दिवशी अर्ध्या तासाच्या आतबाहेर जुळलं, अष्टमी-नवमीला फरक जास्त पडला. तक्ता मी सोबत ठेवलाच, कारण प्रदक्षिणेच्या कातळावर अर्धा तासही महत्त्वाचा असतो. पण आराखडा झाला तो आईच्या पाऊणपटीवर.

फाल्गुन शुद्ध द्वितीयेला निघायचं ठरलं. तृतीयेची ओहोटी सकाळी सव्वाआठला, ती कुलाब्याला. पंचमीची पावणेदहाला, ती हरिहरेश्वरला. हेदवीला पोचेपर्यंत सप्तमी उजाडत होती. भरती संध्याकाळी सव्वापाचला, वेळ उत्तम, पण भांग जवळ आलेला, म्हणजे बामणघळीत जोर नसणार. दोन्ही साधत नव्हतं. आईचा गुडघा, निसरडा कातळ, आणि तिची लहानपणापासूनची हरिहरेश्वराची ओढ, हे बघून मी प्रदक्षिणा निवडली आणि वहीत बामणघळीपुढे लिहून ठेवलं: 'पुन्हा, उधाणात'.

फाल्गुन निवडायला आणखी दोन कारणं होती. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं वेळासच्या किनाऱ्यावर साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये बाहेर पडतात. आणि होळीच्या आधी निघालो की चाकरमान्यांची गर्दी लागत नाही. लोक कोकणात मे महिन्यात जातात ते आंब्यासाठी, ते मला समजतं. पण वयस्क माणसाला घेऊन त्या उकाड्यात किल्ले चढवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. पावसाळ्यात समुद्रातल्या किल्ल्यांच्या होड्या बंद असतात, १ जून ते ३१ जुलै मासेमारीलाही बंदी असते. तो काळ कोकण बघायला सुंदर, पण बंदरं बघायला चुकीचा.

राहण्याच्या जागा मी फोन करून ठरवल्या. सगळीकडे दोनच प्रश्न विचारले: खोली तळमजल्यावर आहे का, आणि कमोड आहे का. संकेतस्थळावरच्या फोटोंत समुद्र दिसतो, या दोन गोष्टी दिसत नाहीत. पलीकडूनही सगळीकडे एकच प्रश्न आला, "जेवायला किती पानं?" दोन पानं, मी सांगायचे. एकदा हे बोलणं आई ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आमच्याकडे आजीसुद्धा असंच मोजायची. माणसं नाही, पानं."

आराखड्याचे शेवटी बारा दिवस झाले. नवमीचा दिवस कोरा ठेवला, रत्नागिरीत. नवमी हा शब्द आणि पुढे काहीच नाही, असं पान वहीत बघताना मला आधी अस्वस्थ वाटलं होतं.

निघालो भाऊच्या धक्क्यावरूनच. तिथून मांडव्याला रोरो बोट जाते, २०२० पासून. गाडी पोटात घेते आणि तासाभरात पलीकडे पोचवते. आईने मुद्दाम वरच्या मजल्यावर, उघड्यावर जागा घेतली. हा जुना धक्का नव्हे, बोटही ती नव्हे, पण भोंगा झाला तेव्हा तिने माझं मनगट धरलं. रेवसच्या बाजूला बघून तिने हात जोडले. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे जाणारी 'रामदास' बोट इथेच कुठेतरी बुडाली, सहाशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर कितीतरी वर्षं आजी बोट धक्का सोडेपर्यंत जप करत असे, हे आईने तेव्हा सांगितलं.

अलिबागला वेधशाळेच्या आवारापाशी आम्ही थोडा वेळ थांबलो. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आधी मुंबईत कुलाब्याला होत होत्या. विजेवरच्या ट्राम येणार, त्याने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये ते काम इथे आणलं. आईला हे फार आवडलं. शहरापासून लांब जाऊन शांतपणे पृथ्वी मोजायची, असं काहीतरी ती पुटपुटली. दुसऱ्या सकाळी कुलाबा किल्ल्यावर आम्ही घोडागाडीतून गेलो. ओल्या वाळूत चाकं रुतत होती, घोड्याच्या पोटाला पाणी लागत नव्हतं, म्हणजे पाऊणपट बरोबर होती. किल्ल्यात गोड्या पाण्याची विहीर आहे. चहूबाजूंनी खारं पाणी आणि मध्ये हे. तास-दीड तासाने गाडीवाल्याने हाक मारली तेव्हा लगेच उठलो. कुणी हाक मारायच्या आधीच उठावं, असं त्यानेच जाताना सांगितलं होतं.

रेवदंड्याचा पूल ओलांडला की कोर्लई. इथल्या कोळीवाड्याजवळच्या वस्तीत आजही पोर्तुगीजमधून उतरलेली एक बोली बोलली जाते. 'नौ लिंग' म्हणतात तिला, आमची भाषा. १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, भाषा राहिली. किल्ल्याच्या वाटेवर दोन बायका जाळं निवडत बोलत होत्या. त्यातला एकही शब्द आम्हाला कळला नाही. आईशी मात्र त्या मराठीत बोलल्या आणि गुडघ्याला कुठलं तेल लाव ते सांगितलं.

जंजिऱ्याला आई गेली नाही. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होड्या जातात, पण किल्ल्याच्या दरवाजाशी होडी हेलकावत असताना पायरीवर पाऊल टाकावं लागतं. "तू जाऊन ये," म्हणाली. मी गेले, कलालबांगडी तोफ बघितली, तटावरून पद्मदुर्ग बघितला आणि परत आले. सिद्दीचा हा किल्ला मराठ्यांना कधीच मिळाला नाही. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये खाडीत भराव टाकून वाट काढायचा प्रयत्न केला होता, तोही अर्धवट राहिला. धक्क्यावर आई होडीवाल्यांच्या जेवणाची चौकशी करत बसली होती. पडावातून हातोहात उतरणारी ती मुलगी आता पायरीला घाबरते, हे मला त्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. त्याबद्दल आम्ही काही बोललो नाही.

दिघीला उतरून दिवेआगर. तिथल्या घरमालकांनी दुपारी पानात मोदक वाढले आणि जेवणानंतर वाडी दाखवायला नेलं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. दिवेआगर-श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्या एका दुपारी आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध, पण पोफळ लावली की फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. आजोबांनी लावलेली झाडं बापाने सांभाळायची आणि मुलाने उत्पन्न घ्यायचं, असा तो हिशेब असतो. वाडीत जुनी उंच झाडं विरळ होती आणि मध्ये मध्ये नवी, आमच्या डोक्याएवढी किंवा जरा उंच. "यंदा दोन-चार झाडांना शिपुट आलं," असं ते म्हणाले तेव्हा घरात बाळ चालायला लागल्याचं सांगावं तसा त्यांचा चेहरा होता. गावात १९९७ साली जमिनीत सोन्याचा गणपती सापडला, २०१२ मध्ये चोरीला गेला, २०२१ मध्ये पुन्हा बसवला. बहुतेक पर्यटक त्याचं दर्शन घेऊन निघतात. दिवेआगरला जाणाऱ्या प्रत्येकाने एक वाडीही बघावी, घरमालकांना विचारून, असं मी सांगेन. या किनाऱ्यावर काय काय होऊन गेलंय ते तिथे कळतं.

पंचमी. हरिहरेश्वर. साडेनऊला आम्ही मंदिरामागच्या पायऱ्या चढायला लागलो. टेकडी चढून दोन कड्यांच्या मधून पायऱ्या सरळ समुद्राकडे उतरतात, त्या उतरताना आईने माझा खांदा धरला होता. खाली लांबच लांब कातळ. लाटांनी आणि वाऱ्याने त्याला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. पाणी हातभर अंतरावर नव्हतं, चांगलं दूर गेलं होतं. आई मध्येच बसली. तिला लागलं असं वाटून मी वाकले, तर ती कातळावरच्या एका खळग्यात बघत होती. भरतीचं पाणी त्यात राहिलं होतं आणि त्यात एक खेकडा, नखाएवढा. "याला सहा तास इथे काढायचेत," ती म्हणाली. आम्ही तिथे किती वेळ होतो ते मी पाहिलं नाही. आराखड्यातल्या वेळा पाळायच्या त्या अशा वेळी घड्याळ बघावं लागू नये म्हणून.

सावित्रीची खाडी ओलांडून वेळास. नाना फडणवीसांचं गाव, आणि आता कासवांचं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून इथे कासवांची घरटी राखायचं काम सुरू केलं. पूर्वी अंडी चोरीला जात. आता तीच गावची माणसं रात्री किनाऱ्यावर फिरून घरटी शोधतात, कुंपणाच्या आत हलवतात आणि पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडतात. सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा घरट्यावरची टोपली उचलतात. पंचमीच्या संध्याकाळी सगळ्या टोपल्या उचलल्या, कुठेच काही नव्हतं. शहरातून आलेली बरीच मंडळी हिरमुसून परत गाडीत बसली, त्यांना रात्रीच निघायचं होतं. आमच्या वहीत वेळासची रात्र होती. ज्या गोष्टीची वेळ कुणी सांगू शकत नाही तिथे मुक्काम करायचा, हे मी आधीच ठरवलं होतं. षष्ठीच्या सकाळी तिसऱ्या टोपलीखाली वाळू हलत होती. अकरा पिल्लं निघाली. त्यांना पाण्यापासून थोड्या अंतरावर ठेवतात, पुढचं त्यांनी चालायचं. शेवटचं पिल्लू दोनदा उलटं फिरलं. आई त्याच्याशी मालवणीत बोलत होती. आमच्याशी ती क्वचितच मालवणी बोलते.

केळशी, आंजर्ले, आणि संध्याकाळी हर्णै. पाढ्यातलं पहिलं बंदर. वाळूवर मासळीचा लिलाव चालू होता, बैलगाड्या पाण्यात शिरून होड्यांमधली मासळी आणत होत्या, समोर सुवर्णदुर्ग. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले त्यात सुवर्णदुर्ग आहे, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्गही आहेत. आईला हर्णै कळलं ते वासावरून. "इथे डेकवर मासळीचा वास यायचा आणि मला मळमळायचं," ती हसत म्हणाली. आम्ही पापलेट घेतलं आणि मुक्कामाच्या घरी तळून मागितलं.

बामणघळ अपेक्षेप्रमाणे शांत होती. चिरेतून पाणी आत यायचं, जरा घुटमळायचं आणि परत जायचं. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं इतकंच.

तवसाळहून जयगडला जाताना खाडीवर वारा होता. इथल्या खाड्यांवर पुलांची कामं निघाली आहेत, रेवसपासून रेडीपर्यंत सलग रस्ता व्हायचाय. मला विचाराल तर पूल व्हायलाच हवेत. शेवटची जंगलजेटी गेल्यावर रात्री एखादी बाई अडली तर पलीकडच्या दवाखान्यात कसं न्यायचं, हे आम्हाला वेसवीत एकाने विचारलं होतं आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही बारा दिवसांसाठी येणारी माणसं. पाण्यावरचा गार वारा आम्हाला हवासा वाटतो, तिथे राहणाऱ्याला त्यासाठी थांबवून ठेवायचा हक्क आम्हाला नाही. तरी पूल झाल्यावरही एखादी जंगलजेटी चालू राहावी, असं मनापासून वाटतं. खाडीची रुंदी पाण्यावर असतानाच कळते.

मालगुंडला केशवसुतांचं घर बघून आणि गणपतीपुळ्याचं दर्शन घेऊन रत्नागिरीत आलो तेव्हा अष्टमीची संध्याकाळ होती. आईचे पाय सुजले होते. नवमीच्या कोऱ्या पानाचा उपयोग कळला. ती दुपारपर्यंत झोपली. मी गाडीत हवा भरून आणली, कपडे वाळत घातले, औषधं घेतली. चार वाजता ती स्वतःच म्हणाली, चल कुठेतरी. थिबा राजवाडा जवळ होता. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं आणि इतक्या लांब या बंदरात आणून ठेवलं. हा वाडा १९१०च्या सुमारास बांधला, १९१६ मध्ये राजा इथेच वारला. वाड्याच्या वरच्या मजल्यावरून खाडी आणि समुद्र दिसतो. तिथे खिडकीशी आई बराच वेळ उभी होती. तोही बोटीनेच आला असेल ना, तिने विचारलं. हो, म्हटलं. "आणि परत जायची बोट नाही."

पुढचे दिवस भरभर गेले. पावस, पूर्णगड, कशेळीचा कनकादित्य. कशेळीच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या माळावर, कोरलेला भलामोठा हत्ती आहे, त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. ही कातळशिल्पं कुणी कोरली ते इतिहासाला ठाऊक नाही, आणि ती २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. विजयदुर्गाच्या तटावरून संध्याकाळ पाहिली. देवगडला बागांत मोहोर संपून कैऱ्या धरल्या होत्या, कुणकेश्वराच्या पायऱ्यांवर लाटांचा आवाज.

मालवणात आम्ही एकादशीला शिरलो. द्वादशीला सकाळी सिंधुदुर्गाच्या होडीसाठी धक्क्यावर गेलो. १६६४ मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी पायाभरणी केली, तीन वर्षांत किल्ला उभा राहिला. आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. किल्ल्यावर राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं मंदिर आहे, आईला तिथे जायचंच होतं. होडीवाल्याने विचारलं, "खंयसून इलात?"

"मुंबईसून," आई म्हणाली, आणि मग समुद्राकडे बोट करून तिने त्याला बोट कुठे उभी राहायची, पडाव कुठल्या अंगाने यायचे ते सांगितलं. तो पंचविशीतला मुलगा. त्याने हे आजोबांकडून ऐकलं होतं, त्याचे आजोबा पडावावर होते. भरती किती वाजता, आईने विचारलं. "नवाक," तो म्हणाला. आईने माझ्याकडे बघितलं. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. होडीत पाय ठेवताना त्या मुलाने हात पुढे केला आणि तिने तो धरला. या वेळी ती थांबली नाही.

त्रयोदशीला वेंगुर्लं. मालवणहून अंतर फार नाही, पण मध्ये कर्लीची खाडी, मग माडांतून, सड्यांवरून रस्ता. सतराव्या शतकातली डचांची वखार गावात पडझड झालेली उभी आहे. आई म्हणाली ते नंतर, आधी बंदर. बंदरावर मासेमारीच्या होड्या नांगरलेल्या, टेकडीवर दीपगृह, धक्क्यावर जाळी वाळत घातलेली. दुपारची वेळ, माणूस दिसत नव्हता. मी छत्री धरली. ती धक्क्याच्या टोकापर्यंत चालत गेली आणि एका दगडावर बसली.

मी काही विचारलं नाही. पाणी उतरायला लागलं होतं, धक्क्याच्या दगडांवर ओली रेघ दिसत होती.

"एवढंच होतं," ती बऱ्याच वेळाने म्हणाली. आवाज समाधानाचा होता. मग उत्तरेकडे, मालवणच्या दिशेला वळून तिने डोळ्यांवर हात धरला. "म्हणजे आम्ही पडावातून किनाऱ्याला लागायचो, आजी पाय धुवायची, बैलगाडी जोडायची... तोवर ती इथवर येत असणार."

तिने पर्समधून आमसूल काढलं. अर्धं मला दिलं.